निमित्त

फ्रान्सच्या व्हिसासाठी जो छापील अर्ज भरावा लागतो, त्यात 'प्रवासाचे प्रयोजन' असा एक रकाना आहे. पुढे लहान लहान चौकटी आहेत. पर्यटन, व्यवसाय, नातलगांची वा मित्रांची भेट, सांस्कृतिक, क्रीडा, औषधोपचार, शिक्षण. आणि यांपैकी कशातच जो बसत नाही त्याच्यासाठी 'अन्य'. आपल्याला लागू असेल त्या चौकटीत खूण करायची, की झाले. अर्ध्या मिनिटाचे काम. मला त्याला तीन आठवडे लागले.

हकीकत अशी. माझा एक जुना विद्यार्थी नॉर्मंडी प्रांतातल्या रूआँ शहरी नोकरीला आहे. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत बसे, आणि त्याबद्दल मी त्याला पुष्कळदा बोललो आहे. खिडकीबाहेर पाहणारा एवढ्या लांब जाऊन पोहोचला आणि फळ्यावर युरोपचा नकाशा काढणारा मी तालुक्याच्या गावीच राहिलो, हा न्याय मला मान्य आहे. गेली काही वर्षे तो सारखा लिहितो, "सर, एकदा मे महिन्यात या. एक मोटारसायकल माझी आहे, तुमच्यासाठी दुसरी भाड्याने घेऊ. सहा दिवस समुद्रकाठाने हिंडू. रस्ता मात्र तुम्ही आखायचा." यंदा एका कादंबरीचे थोडे पैसे हाती आले, आणि घरातल्या एखाद्या खर्चाने त्यांच्यावर हक्क सांगण्याच्या आत मी 'येत्या मे महिन्यात येतो' असे कळवून टाकले.

फटफटीचे वेड मला जुने आहे. शाळेला जाता-येता मी रोज ती चालवतोच. पण शाळेला पोहोचण्यासाठी चालवणे वेगळे आणि चालवण्यासाठी चालवणे वेगळे. बंदर दिसण्याआधी त्याचा वास येतो, उतारावर हवा एकदम गार होते, पावसाचा पहिला थेंब नेमका मानेत शिरतो, हे सगळे मला फार आवडते. दोघे दोन गाड्यांवर असले म्हणजे बोलता येत नाही, हाही एक मोठाच फायदा. तेव्हा माझ्या प्रवासाचे प्रयोजन 'पर्यटन' हेच होते. पण त्या चौकटीत खूण करायला हात धजेना.

पर्यटन म्हणजे स्वच्छ मराठीत मजा. आणि मजेसाठी म्हणून गाव सोडल्याचे आमच्या घरात आजवर कुणी उघडपणे कबूल केलेले नाही. माझे वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी एकदा मुंबईला गेले होते. तेव्हा चौपाटीवर खाल्लेली भेळ त्यांना मरेपर्यंत आठवत असे, पण ती गोष्ट सांगताना सुरुवात नेहमी ऑपरेशनापासून. काशीला जायचे ते अस्थी घेऊन, कोल्हापूरला जायचे ते नवस फेडायला. वाटेत पन्हाळा पाहिला तर तो अंबाबाईच्या खाती जमा. शाळेतही निराळे नाही. गणपतीपुळ्याला सहल न्यायची तर परवानगीच्या कागदावर मला 'उद्दिष्टे' लिहावी लागतात: सागरी जीवनाचे निरीक्षण, सहकार्याची भावना वाढीस लावणे, वगैरे. मुलांचे उद्दिष्ट एकच असते, ते म्हणजे ओले होणे. ते कागदावर लिहिण्याची सोय नाही. वीस वर्षे असे कागद लिहिणाऱ्या माणसाला फ्रान्सच्या सरकारने एवढ्या सरळपणे विचारावे, आणि 'मजा' हे उत्तर सर्वांत पहिल्या चौकटीत छापून ठेवावे, याने मी गांगरलो.

मग चौकट बाजूला ठेवून मी नकाशा पसरला.

नकाशावर सहा दिवस फार मोठे दिसतात. रूआँहून निघून पहिल्या दिवशी एत्रता. तिथे खडूच्या पांढऱ्या कड्यांना समुद्राने कमानी पाडल्या आहेत, आणि मोने या चित्रकाराने १८८०च्या दशकात ते कडे पुन्हा पुन्हा रंगवले. तिथून सेन नदीच्या मुखावरचा नॉर्मंडीचा पूल. १९९५ साली खुला झालेला हा पूल दोन किलोमीटरांहून लांब आहे; वर वारा जोराचा असतो, परंतु दुचाकीला टोल नाही. पलीकडे ऑनफ्लर हे जुने बंदर. १६०८ साली क्वेबेक वसवायला निघालेला शांप्लें याच बंदरातून गेला. पुढे पश्चिमेला विस्त्रआम, आरोमाँश, मग मों सें मिशेल, मग सें मालो, आणि तिथून ब्रिटनीचा फाटका, खडकाळ किनारा, जितके पुढे जावे तितका.

त्यात मी कोकणचा माणूस. मला भरतीचे वेड. मों सें मिशेलच्या उपसागरात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चौदा मीटरच्या आसपास अंतर पडते. आपल्याकडे साडेचार मीटरची भरती म्हटली की वर्तमानपत्रे मुंबईकरांना सावध करतात! चंद्र दोन्हीकडे एकच, तेव्हा पुढच्या वर्षाचे 'कालनिर्णय' मिळताच मी मे महिन्यातली अमावास्या शोधली. तिकडे अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठी भरती येते, म्हणून त्या हिशेबाने तिसरा आणि चौथा दिवस बसवला. फ्रान्सची सुट्टी तिथीवर आखणारा मी पहिलाच नसेन, पण त्या रात्री मला तसे वाटले खरे. सें मालोच्या तटाबाहेर एक खडकाळ बेट आहे. ओहोटीला वाळूतून चालत जाता येते, भरतीला वाट बुडते. त्या बेटावर १८४८ साली वारलेल्या शातोब्रियाँ या लेखकाचे थडगे आहे, आणि थडग्यावर त्याचे नाव नाही. तसे त्यानेच सांगून ठेवले होते. लेखक असून नाव नको म्हणणारा माणूस पाहून यावा, असे माझ्यातल्या कादंबरीकाराला वाटले. जवळच राँस नदीच्या मुखावर भरतीच्या पाण्यावर चालणारे वीज केंद्र १९६६ सालापासून उभे आहे, आणि त्याच्या बांधावरूनच रस्ता जातो. हे दोन्ही मी चौथ्या दिवशी घातले.

रस्त्याचे नियमही वाचून काढले. साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा २०१८ साली आली. काही जिल्ह्यांनी ती पुढे पुन्हा ९० केली आहे. दुचाकीवर हातमोजे घालणे २०१६पासून सक्तीचे आहे. वाहने उजवीकडून चालतात. आणि ज्या चौकात काहीच खूण नसेल, तिथे उजव्या बाजूने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. या शेवटच्या नियमावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. आपल्याकडे आधी जाण्याचा हक्क ज्याचा हॉर्न मोठा त्याचा. तिथे तो निव्वळ दिशेवर ठरतो. माणूस मोठा की लहान, गाडी ट्रक की सायकल, कुणी विचारत नाही. घरून एवढाच प्रश्न आला होता की, "डावीकडची सवय उजवीकडे मोडेल ना?" मी म्हणालो, मोडेल. तो प्रश्न साधा नव्हता, आणि उत्तर तितके खात्रीचे नव्हते, हे दोघांनाही कळले.

एवढे झाल्यावर मी मास्तराच्या सवयीने वेळापत्रक केले. रकाने आखले, तास पाडले, मधल्या सुट्ट्याही घातल्या. विद्यार्थ्याने ते वाचून फोन केला. दुपारचे जेवण मी अडीचला ठेवले होते. तो म्हणाला, इकडे दोननंतर बहुतेक ठिकाणी चूल बंद होते. मुक्कामाला मी संध्याकाळी साडेसहाला पोहोचवत होतो. तो म्हणाला, सर, मेअखेर इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, एवढ्या लवकर आत बसून काय करायचे? हे सगळे मी दुरुस्त केले. मग तो जरा थांबून म्हणाला, "आणि सर, शेवटचे दोन दिवस मला नीट कळले नाहीत."

ते त्याला कळण्यासारखे नव्हतेच. चौथ्या दिवशी सें मालोला पोहोचल्यावर सरळ मार्ग पुढे ब्रिटनीत जातो. मी मात्र पाचव्या दिवशी तीनशेच्या आसपास किलोमीटर उलट येऊन रूआँ गाठत होतो, आणि सहाव्या दिवशी उत्तरेला बूलोन्य या बंदरी जाऊन रात्री परतत होतो; तेही साडेतीनशे किलोमीटर. एवढा आटापिटा बूलोन्यजवळच्या एका दफनभूमीसाठी. १९१४ साली पहिल्या महायुद्धात हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली आणि वर्षभर उत्तर फ्रान्सच्या चिखलात लढली. जखमी जवानांना बूलोन्यला आणीत. मीरतचे नाव असलेले त्यांचे इस्पितळ तिथे होते, आणि मीरतचेच नाव असलेली दफनभूमी अजून आहे. तीनशेहून अधिक हिंदी सैनिक आणि त्यांच्याबरोबरची कामकरी माणसे तिथे पुरलेली आहेत, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी वेगळे स्मारक आहे. तिथून आत, नव्ह शापेल या गावी, जिथे मार्च १९१५मध्ये मोठी लढाई झाली, तिथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७००हून अधिक हिंदी नावे कोरली आहेत.

माझ्या शाळेच्या वाटेवर एक लहान गाव लागते. त्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली आहे. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात किती माणसे गेली आणि त्यांतली किती मेली, एवढे दोन आकडे तिच्यावर आहेत. नाव एकही नाही. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत अशा पाट्या आहेत. इथे आकडा आणि तिथे नावे. त्या नावांसमोर आपल्या बाजूच्या कुणीतरी उभे राहून यावे, असा माझा विचार होता. विचार वाईट नव्हता. तो मी शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवला, तेव्हा सगळे गंभीर झाले. मुख्याध्यापक म्हणाले, परत आल्यावर मुलांपुढे व्याख्यान द्या. 'समुद्रकाठाने फटफटी हाकायला चाललो आहे' असे म्हटले असते तर 'चैन आहे बुवा' एवढेच कानी आले असते. मला फार हलके वाटले. 'सांस्कृतिक' या चौकटीत खूण करायची, हे मी त्याच दुपारी ठरवले.

त्या रात्री सौ. बिरड्यासाठी वाल सोलीत बसली होती. मी तिला नकाशावर सहा दिवस दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या पाटीवरची माणसं तिथे आहेत का?"

"तसे नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "आपल्या बाजूच्या मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात लढल्या. म्हणजे आजचा इराक. कूतच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या."

"मग तिथे का नाही जात?"

"तिथे काही समुद्रकाठचा असा रस्ता नाही."

वाक्य तोंडून निघून गेले आणि मग ते मला ऐकू आले. सौ. हसली नाही. हातातला वाल तेवढा परातीत टाकला.

"तुम्हाला समुद्राकाठी गाडी चालवायची आहे," ती म्हणाली. "तसं म्हणा की. मी नाही म्हणाले का? ती मेलेली माणसं मधे कशाला घातलीत? आणि त्या गावावरून तर तुम्ही रोज जाता. कधी उतरलात?"

मी उतरलो नव्हतो. पाटीवर काय लिहिले आहे ते मला ठाऊक आहे, कारण एका वर्षी स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पात मुलांनी तो मजकूर उतरवून आणला होता. मी त्यांना दहापैकी आठ गुण दिले होते.

मी वाद घालायचा प्रयत्न केला नाही असे नाही. माणसाच्या मनात एकाच वेळी दोन हेतू असू शकतात, असे मी म्हणालो. पंढरीच्या वाटेवर निघालेल्यांत जत्रेच्या ओढीने आलेलेही असतात, आणि त्यांना कुणी परत पाठवीत नाही. हे मला आजही खरे वाटते. हेतूंची मिसळ हा काही गुन्हा नव्हे. तसे असते तर कुणाला देवळाची पायरी चढता आली नसती. खोटेपणा नाव देण्यात होता. वारीत जत्रेसाठी आलेला माणूस मुख्याध्यापकांकडून व्याख्यानाचे आमंत्रण घेत नाही. मी मात्र शंभरावर वर्षांपूर्वी परक्या चिखलात मेलेल्या पोरांना माझ्या सुट्टीचे हमीदार करून ठेवले होते. त्यांची सही घेतली नव्हती.

मग ती पुढे जे बोलली, ते त्या नकाशाला धरून नव्हते. पण मला वाटते तेच मूळचे होते. ती म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं झाली. मी माहेरी किती वेळा गेले ते मोजा. आणि दर वेळी कशाला गेले तेही सांगा."

मी मोजले. भावाचे लग्न. दोन बाळंतपणे. आईचे ऑपरेशन. वडिलांचे दिवस. भाच्याची मुंज. आणखी दोन-तीन अशीच कार्ये.

"नुसती कधी गेले नाही," ती म्हणाली. "जावंसं वाटलं म्हणून. निमित्त कुणाचं तरी व्हावं लागतं, कधी बरं, कधी वाईट. बाबा गेले तेव्हा मी सर्वांत जास्त दिवस राहिले." एवढे बोलून ती पुन्हा वाल सोलू लागली. तिचे माहेर कोल्हापूरला आहे. इतकी वर्षे भूगोल शिकवूनही ते अंतर मोजावे असे मला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बूलोन्य खोडले. कधी गेलो तर त्या एकाच कामासाठी जाईन. नव्ह शापेलही त्याच फेरीत होईल. पण त्यामुळे सगळे मिटले नाही. कारण तिसऱ्या दिवशीची वाट कोलव्हीलवरून जात होती, आणि ती टाळण्याजोगी नाही. ६ जून १९४४ रोजी दोस्तांची सैन्ये ज्या किनाऱ्यावर उतरली, तोच हा किनारा. आरोमाँशला त्यांनी बांधलेल्या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे तुकडे अजून समुद्रात उभे आहेत. कोलव्हीलला, ओमाहा नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुळणीच्या वरच्या अंगाला, अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे नऊ हजारांहून अधिक थडगी आहेत. माझ्या वेळापत्रकात नोंद होती: सकाळी १०.३० ते ११.१५. मुलांना घालतो तसे गणित मी स्वतःला घालून पाहिले. पंचेचाळीस मिनिटांत नऊ हजार, म्हणजे मिनिटाला दोनशे, म्हणजे सेकंदाला तीनाहून अधिक. त्यानंतर ११.१५ ते ११.३० चहा होता.

खालच्या पुळणीवर उन्हाळ्यात मुले वाळूचे किल्ले करतात, माणसे पोहतात. आधी मला हे कसेसेच वाटले. पण त्या किनाऱ्यावर माणसे राहतात, आणि राहणाऱ्याला आपल्या दारचा समुद्र आयुष्यभर स्मशान म्हणून वापरता येत नाही. ते सैनिक या मुलांना खेळता यावे म्हणूनच मेले, असेही कुणी म्हणतील. मी म्हणणार नाही. मेलेल्यांच्या वतीने बोलणे हादेखील निमित्ताचाच एक प्रकार आहे, आणि मी त्यात नुकताच सापडलो होतो. प्रश्न तिथे राहणाऱ्यांचा नव्हताच. वाटेवरून फटफटीने जाणाऱ्या माझा होता. न थांबता पुढे जावे, तर ते रोज त्या पाटीवरून जाण्यासारखेच. थांबावे, तर चहाच्या आधीचा एक तास म्हणून थांबायचे का?

शेवटी मी एवढेच केले की तो तास सकाळचा काढून दुपारी टाकला, आणि त्याच्यापुढे काहीच लिहिले नाही. त्या दिवशी कोलव्हीलनंतर कुठे जायचे नाही. जवळच बायो गावी मुक्काम. साडेनऊपर्यंत उजेड आहे, त्याचे जे होईल ते होईल. यामुळे मों सें मिशेल एक दिवस पुढे गेले, आणि माझी अमावास्येनंतरची भरती हुकली की काय म्हणून मी पुन्हा 'कालनिर्णय' उघडले; हुकली नाही, थोडी उतरती मिळेल. सें मालो पाचव्या दिवशी गेले. त्यापुढची ब्रिटनी सगळी गेली. काप फ्रेएलचे कडे गेले. आणि प्लूमानाकला गुलाबी ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे आहेत, ज्यांच्यासाठी मुळात मी हा नकाशा विकत घेतला होता, तेही गेले. याचे मला वाईट वाटते आहे, आणि ते तसे लिहायला हरकत नाही. विद्यार्थ्याला कळवले. तो म्हणाला, "बरं झालं सर, आता जरा सहल वाटतेय."

शाळेतून येताना त्या चावडीपाशी मी गाडी थांबवली. पाटी मला वाटत होती त्यापेक्षा लहान आहे. तिच्या खाली दोन म्हातारे बसले होते. त्यांनी विचारले, "काय काम होतं, गुरुजी?" मी म्हणालो, काही नाही. त्यांनी सरकून जागा करून दिली.

अर्ज भरून ठेवला आहे. 'पर्यटन' या चौकटीत खूण केली आहे. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेले नाही, पण सांगेन.

मे महिन्यात मी तिकडे असेन तेव्हा सौ. कोल्हापूरला जाणार आहे. दहा दिवस. काल रात्री तिने आईला फोन करून तसे सांगितले. आमच्या फोनचा आवाज मोठा आहे, त्यामुळे पलीकडचे सगळे मला ऐकू येत होते. "कशाला येतेस गं?" आईंनी विचारले. "काही नाही, अशीच," ही म्हणाली. थोडा वेळ पलीकडे शांत होते. मग आईंनी विचारले, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, बरी आहे. "त्यांचं आणि तुझं काही...?" नाही, तसे काही नाही. "मुली बऱ्या आहेत?" हो. "मग डॉक्टरांना दाखवायचंय का काही?" हिने माझ्याकडे पाहिले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "अगं, नाही गं आई. नुसतीच येतेय." हे आणखी पाचसात मिनिटे चालले. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, आईला काही ते पटलेले नाही. उद्या ती भावाला आमच्याकडे पाठवते आहे, खरे काय ते पाहून यायला.